डोळ्यांचे डॉक्टर वर्षभर एकत्र जमून करतात तरी काय?

‘डॉक्टर कॉन्फरन्सला गेले आहेत. ओपीडी सोमवारी सुरू होईल.’ डोळ्यांच्या दवाखान्याच्या दारावर ही पाटी दिसली की लोकलचे धक्के खात आलेला पेशंट वैतागतो. डॉक्टर मजा करायला गेले असणार, नाहीतर एखाद्या औषध कंपनीने मोठ्या हॉटेलात जेवायला बोलावलं असणार, असं त्याच्या मनात येतं. या शंका अगदीच हवेतल्या नाहीत, त्यांच्याकडे पुढे येऊच. पण या संघटनांच्या वर्षभराच्या कामात पेशंटच्या डोळ्याशी थेट नातं असलेलंही बरंच काही असतं, आणि ते बाहेर फारसं कुणी सांगत नाही.

आधी एक घोळ दूर करू. ‘डॉक्टरांची संस्था’ म्हटलं की तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी होते. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल ही कायद्याने बनलेली यंत्रणा. डॉक्टरची नोंदणी तिच्याकडे, आणि गैरवर्तन सिद्ध झालं तर ती नोंदणी काढून घेण्याचा अधिकारही तिच्याकडेच. परीक्षा घेणं आणि पदवी देणं हे विद्यापीठाचं किंवा राष्ट्रीय परीक्षा मंडळाचं काम. संघटना ही तिसरी गोष्ट. ती डॉक्टरांनी आपण होऊन स्थापन केलेली असते, सभासदांच्या वर्गणीवर चालते आणि कुणाचंही लायसन्स तिच्या हातात नसतं. मुंबईतल्या नेत्रतज्ज्ञांच्या जुन्या संघटनेच्या नावात अजूनही ‘बॉम्बे’ आहे : बॉम्बे ऑफ्थॅल्मॉलॉजिस्ट्स असोसिएशन. राज्यासाठी महाराष्ट्र ऑफ्थॅल्मॉलॉजिकल सोसायटी आहे आणि देशपातळीवर १९३० साली स्थापन झालेली ऑल इंडिया ऑफ्थॅल्मॉलॉजिकल सोसायटी. पुढचं वर्णन यांच्यापैकी कुणा एकीचा वार्षिक अहवाल नाही. मुंबईसारख्या शहरात अशा संघटनेचं वर्ष साधारण कसं जातं, एवढंच सांगायचं आहे.

मग लायसन्स हातात नसलेल्या संघटनेला डॉक्टर भीक का घालतात? एक कारण व्यवहाराचं. कौन्सिलकडची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि त्यासाठी त्या पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. ते मान्यताप्राप्त व्याख्यानांना, कार्यशाळांना, परिषदांना बसून मिळतात. सही ठोकून चहा-सामोसा घेऊन पसार होणाऱ्यांची जमात सगळ्याच व्यवसायांत असते, म्हणून अशा कार्यक्रमांना कौन्सिलचा निरीक्षक येऊन बसतो.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मुंबईतले कितीतरी नेत्रतज्ज्ञ एकेकटे काम करतात. इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दोन गाळे जोडून केलेला दवाखाना, आत एक ऑपरेशन थिएटर, एक मायक्रोस्कोप, दोन मदतनीस. सर जे. जे., केईएम, सायन किंवा नायरमध्ये शिकत असताना मागे उभं राहून ‘अरे, हात हलवू नकोस’ म्हणणारे सर होते. स्वतःची पाटी लागली की त्या हातांकडे बघणारं कुणी उरत नाही. आणि शास्त्र थांबत नाही. हॅरॉल्ड रिडले यांनी लंडनमध्ये १९४९ साली माणसाच्या डोळ्यात पहिल्यांदा कृत्रिम भिंग बसवलं. चार्ल्स केलमन यांनी १९६७च्या सुमारास ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून शोषून घेण्याची पद्धत आणली, जिला आज आपण सगळे फेको म्हणतो. हे सगळं भारतातल्या गल्लीबोळातल्या दवाखान्यांत पोचायला पुढची काही दशकं गेली. ज्या डॉक्टरने १९८५च्या आसपास पदवी घेतली, तो सुरुवातीला अख्खा मोतीबिंदू बाहेर काढून पेशंटला जाड भिंगाचा चष्मा देत होता. मग तो टाके घालून लेन्स बसवायला शिकला, मग बिनटाक्याची लहान छेदाची शस्त्रक्रिया, मग २ ते ३ मिलिमीटरच्या छेदातून फेको आणि घडी करून आत सोडायची लेन्स. कॉलेज सोडल्यावर एकाच आयुष्यात तीनदा नव्याने ऑपरेशन शिकायचं, तर ते शिकवणार कोण? बरंचसं शिक्षण संघटनांच्या कार्यशाळांतून झालं.

या कार्यशाळांमधली एक जागा म्हणजे वेट लॅब. सकाळी खाटकाकडून बकऱ्याचे ताजे डोळे आणतात, ते साच्यात बसवतात आणि शिकाऊ डॉक्टर मायक्रोस्कोपखाली त्यांच्यावर हात बसवतात. आपल्या डोळ्यातलं नैसर्गिक भिंग एका पारदर्शक पिशवीत असतं. तिच्या पुढच्या भिंतीला साधारण ५ मिलिमीटर व्यासाचं गोल भोक पाडायचं, आतला गढूळ झालेला गर काढायचा आणि त्याच पिशवीत नवी लेन्स ठेवायची, असा मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा गाभा. पिशवीची मागची भिंत कांद्याच्या पापुद्र्याहूनही कितीतरी पातळ असते. ती फाटली तर कठीण गराचा तुकडा मागे डोळ्याच्या तळाशी जाऊन पडतो. साधं म्हणून सुरू झालेलं ऑपरेशन मग पडद्याच्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या रेटिनाच्या, सर्जनकडे जातं. बकऱ्याच्या डोळ्यात ही पिशवी दहादा फाटली तरी कुणाचं नुकसान नाही.

आता वर्षातल्या माझ्या मते सगळ्यात मोलाच्या कार्यक्रमाबद्दल. तो उद्घाटनाचा नाही आणि पाहुण्यांचं भाषणही नाही. तो असतो मासिक बैठकीतला किंवा परिषदेतला बिघडलेल्या केसेसचा तास. एखादा डॉक्टर आपल्याच ऑपरेशनची चित्रफीत लावतो. पेशंटचं नाव झाकलेलं असतं. बाराव्या मिनिटाला पिशवी फाटते आणि ते सगळ्या सभागृहाला दिसतं. मग प्रश्न सुरू होतात. ‘इथे बाहुली आधीच लहान झालेली दिसतेय, ती ताणून धरायला हुक का नाही लावले?’ ‘सर, पेशंट प्रोस्टेटची गोळी घेत होता का?’ हा शेवटचा प्रश्न बाहेरच्याला विचित्र वाटेल. पण लघवीच्या त्रासासाठी पुरुषांना दिल्या जाणाऱ्या टॅम्सुलोसिन नावाच्या गोळीमुळे बुबुळ सैल पडतं आणि ऑपरेशन चालू असताना बाहुली आकसते. ही गोष्ट २००५ साली प्रसिद्ध झाली. आता ऑपरेशनच्या आधी आजोबांना ‘लघवीसाठी काही गोळी चालू आहे का’ असं विचारलं जातं, त्यामागे जगभरातल्या अशाच बिघडलेल्या केसेसची चर्चा आहे. म्हणून घरच्यांनी सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत, डोळ्याशी संबंध नसलेल्याही.

चित्रफीत लावायला धाडस लागतं. आपली चूक प्रतिस्पर्ध्यांसमोर दाखवायची असते आणि त्यांच्यातला एखादा आपल्याच गल्लीच्या टोकाला बसतो. त्यात कायद्याची भीती. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता खटल्यात डॉक्टरांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते असा निकाल दिला. पेशंटला दाद मागायची जागा मिळाली हे चांगलंच झालं. पण उघडपणे बोललेलं उद्या आपल्याविरुद्ध वापरलं जाईल, ही धास्तीही तेव्हापासून वाढली. म्हणून वर्षातून एकदोनदा वकिलांना बोलावून सत्र होतं : संमतिपत्र पेशंटला कळेल अशा भाषेत कसं घ्यायचं, केसपेपर कसा लिहायचा, विमा कसा काढायचा. पेशंटच्या बाजूने बघितलं तर मराठीत नीट समजावून घेतलेली संमती ही त्या सत्राची खरी कमाई.

कायद्यातून वैद्यकही शिकायला मिळतं. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या एका मुलीच्या खटल्यात सुमारे १.८ कोटी रुपयांची भरपाई दिली. ती अपुऱ्या दिवसांची जन्मली होती. अशा बाळांच्या डोळ्यांतल्या पडद्यावर रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू शकतात आणि पडदा सुटून कायमचं अंधत्व येऊ शकतं. वेळेत तपासलं तर लेसरने किंवा इंजेक्शनने बहुतेकदा वाचवता येतं. तिची तपासणी कुणी सांगितलीच नव्हती. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासायचा, हा नियम प्रत्येक नवजात शिशू विभागापर्यंत पोचवायचा तर नेत्रतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांच्या संघटनांनी एकत्र बसायला हवं. अशा संयुक्त बैठका होतात. तुमच्या घरात असं बाळ आलं असेल, तर ‘डोळ्याचा पडदा कधी तपासायचा?’ हे सुट्टी मिळायच्या आधी विचाराच.

संघटनेची ताकद कधी दिसते, तर सरकारचा एखादा आदेश आला की. मधुमेहात किंवा म्हातारपणी पडद्याला सूज येते, तेव्हा डोळ्यात इंजेक्शन देतात. बेव्हासिझुमॅब हे मुळात कॅन्सरचं औषध त्यासाठी जगभर वापरतात, कारण एका बाटलीतून अनेक छोटे डोस निघतात आणि डोळ्यासाठीच बनवलेल्या महाग इंजेक्शनांपेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं. गुजरातमध्ये काही पेशंटना त्रास झाल्यावर जानेवारी २०१६मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी ते डोळ्यात वापरू नये असा इशारा काढला. गरीब पेशंटचा उपचार एका दिवसात थांबला. नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी पुरावे मांडले, बाटली उघडण्यापासून डोस भरण्यापर्यंत निर्जंतुकतेचे नियम लिहून दिले आणि मार्चमध्ये इशारा मागे घेतला गेला. एकट्या डॉक्टरने पत्र लिहून हे झालं नसतं.

२०२१चा काळ्या बुरशीचा उन्हाळा मुंबईकर विसरले नसतील. कोविडमधून उठलेला, मधुमेह असलेला, स्टिरॉइड घेतलेला माणूस एका बाजूचा चेहरा सुजलेला घेऊन येत होता, आणि जीव वाचवायला कधी कधी डोळा काढावा लागत होता. त्या वेळी डोळ्यांभोवतीच्या शस्त्रक्रिया करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना आणि इंडियन जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी यांनी देशभरातल्या डॉक्टरांकडून नोंदी मागवल्या. २,८२६ पेशंटची माहिती एकत्र झाली आणि त्याच वर्षी छापली गेली. त्यातून चित्र स्पष्ट झालं : बहुतेकांना मधुमेह होता आणि बहुतेकांनी स्टिरॉइड घेतलं होतं.

लोकांना दिसणारे कार्यक्रम वेगळे. मार्चमध्ये काचबिंदू सप्ताह, ऑक्टोबरच्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक दृष्टी दिन, होळीला रंगांबद्दल आणि दिवाळीला फटाक्यांबद्दल पत्रकं. पावसाळ्यात डोळे येण्याची साथ. २०२३च्या जुलै-ऑगस्टमध्ये तर राज्यभर इतके डोळे आले की केमिस्टकडे ड्रॉपसाठी रांगा लागल्या. तेव्हा संघटना सांगत राहिल्या की ही बहुधा विषाणूची साथ आहे, हात धुवा, टॉवेल वेगळा ठेवा, मनाने स्टिरॉइडचे ड्रॉप घालू नका. स्टिरॉइडने लाली झटकन उतरते म्हणून लोक ते महिनोन्‌महिने वापरतात, आणि त्यातून डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. आपल्याकडची आणखी एक खास गोष्ट म्हणजे तंबाखूसोबतचा चुना. पुडी किंवा ट्यूब दाबली की फुटून चुना थेट डोळ्यात जातो, आणि जखमी होणारं बहुधा घरातलं लहान मूल असतं. चुना क्षारधर्मी, तो आत आत जाळत जातो. डॉक्टर शोधत धावण्याआधी नळाखाली निदान १५-२० मिनिटं डोळा धुवायचा. हे एक वाक्य घराघरात पोचलं तरी पुष्कळ झालं.

मरीन ड्राइव्हवर किंवा शिवाजी पार्कात टी-शर्ट घालून निघणाऱ्या जनजागृती फेऱ्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. फोटो छान येतात. पण काचबिंदूचा पेशंट फेरी बघून सापडत नाही, कारण त्याला काही होतच नसतं. नजर कडांकडून हळूहळू जाते, मधली शेवटपर्यंत टिकते, आणि गेलेली परत येत नाही. काचबिंदू असलेल्या माणसाचे सख्खे भाऊ-बहीण आणि मुलं तपासली तर त्या टी-शर्टांपेक्षा जास्त पेशंट हाती लागतील.

नेत्रदान पंधरवड्याचं तसं नाही. २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या काळात संघटना सोसायट्यांमध्ये, कॉलेजांत, गणपतीच्या मंडपांत बोलायला माणसं पाठवतात, आणि इथे बोलण्याचाच उपयोग आहे. कारण फॉर्म भरून नेत्रदान होत नाही. मृत्यूनंतर जवळच्या नातेवाइकाने संमती द्यावी लागते. आजोबांनी कार्ड खिशात ठेवलं आणि घरात कुणालाच सांगितलं नाही, तर कार्डाचा उपयोग शून्य. वयाची अट नाही. चष्मा, मधुमेह, मोतीबिंदूचं ऑपरेशन यांपैकी काहीही आड येत नाही. एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, रेबीज, रक्ताचा कॅन्सर, शरीरभर पसरलेला जंतुसंसर्ग असेल तर डोळे घेत नाहीत.

मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात. पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची, मृत्यूचा दाखला तयार ठेवायचा. नेत्रपेढीची माणसं घरी येतात, काम साधारण अर्ध्या तासात होतं आणि चेहरा विद्रूप होत नाही. अवयवदान कायद्यातल्या २०११च्या दुरुस्तीनंतर प्रशिक्षित तंत्रज्ञालाही कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, काढता येतो. रात्री दोन वाजता भांडुपला डॉक्टर शोधत बसावं लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. अख्खा डोळा कुणाला बसवत नाहीत. लागतो तो फक्त कॉर्निया. पेढीत त्याच्या आतल्या थरातल्या पेशी मोजतात, रक्त तपासतात, आणि चांगल्या द्रावणात तो दोन आठवड्यांपर्यंत टिकतो. हल्ली गरजेपुरताच थर बसवता येत असल्याने एक कॉर्निया कधी कधी दोन पेशंटना पुरतो.

शिबिरांचंही रूप बदललं आहे. पूर्वी शाळेच्या वर्गात टेबलं लावून मोतीबिंदूची ऑपरेशनं व्हायची. जंतुसंसर्गाच्या घटनांनंतर ते थांबलं. आता शिबिरात फक्त तपासणी होते आणि ऑपरेशन बसने आणून रुग्णालयात. गरज संपलेली नाही : २०१५ ते २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वाचं कारण ६६.२ टक्के वेळा मोतीबिंदू हेच निघालं, म्हणजे बरा होणारा आजार.

आता पैसा. परिषदेचा हॉल, पडदे, जेवण, पाहुण्यांची राहण्याची सोय, सगळं वर्गणीतून भागत नाही. बाहेर औषधांचे, लेन्सचे, यंत्रांचे स्टॉल लागतात आणि त्यांच्या भाड्यावर परिषद उभी राहते. स्टॉलवर लाखोंची यंत्रं असतात आणि आत व्यासपीठावर त्याच यंत्रांचे फायदे सांगितले जात असतात. हितसंबंध जाहीर करणारी एक स्लाइड सुरुवातीला दोन सेकंद झळकून जाते. मार्च २०२४मध्ये केंद्र सरकारने औषध कंपन्यांसाठी एकसमान आचारसंहिता आणली. तिच्यानुसार भेटवस्तू बंद, परदेशातल्या परिषदा बंद, आणि वक्ते सोडून इतर डॉक्टरांचा प्रवास-हॉटेल खर्च कंपनीने करायचा नाही. त्याआधी २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा खर्चावर कंपन्यांना करसवलत मिळणार नाही असं सांगितलं होतं. म्हणजे पाटी वाचून वैतागलेल्या पेशंटची शंका सरकारलाही आली होती. यामुळे परिषदा साध्या होतील, नोंदणी शुल्क वाढेल. होऊ दे. शिकायला येणाऱ्याने स्वतःच्या खिशातून यावं हे बरं.

परिषदेतला आणखी एक वादाचा मुद्दा थेट प्रक्षेपणाच्या ऑपरेशनांचा. नावाजलेला सर्जन थिएटरमध्ये ऑपरेशन करतो, हजार माणसं पडद्यावर बघतात, आणि सूत्रसंचालक कानात प्रश्न विचारत असतो. त्या टेबलावर खरा पेशंट झोपलेला असतो, भूल फक्त डोळ्यापुरती, म्हणजे त्यालाही सगळं ऐकू येतं. आधी चित्रित केलेली, न कापलेली फीत दाखवली तर शिकणं तेवढंच होतं. बऱ्याच डॉक्टरांनाही हेच पटतं, पण गर्दी थेट प्रक्षेपणालाच होते.

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, मग हिशेब तपासले जातात आणि वार्षिक सर्वसाधारण सभा होते. नवी कार्यकारिणी निवडली की तो बदल ९० दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांकडे कळवावा लागतो. सभेला गर्दी बेताची आणि रविवारी मेगाब्लॉक असेल तर त्याहून कमी. विषय ठरलेले : नर्सिंग होमची नोंदणी, अग्निशमन दलाची परवानगी, विमा कंपन्यांनी मोतीबिंदूच्या पॅकेजला लावलेली मर्यादा. हे सगळे स्वतःचा दवाखाना असलेल्यांचे प्रश्न. दुसरीकडे साखळी रुग्णालयांत पगारावर काम करणारी तरुण डॉक्टर मंडळी वाढताहेत. त्यांना नर्सिंग होमच्या नोंदणीची चिंता नसते आणि त्यांची बिघडलेली केस रुग्णालयाच्या चार भिंतींत चर्चिली जाते. बाहेर संघटनेच्या पडद्यावर ती लावायला व्यवस्थापनाची परवानगी लागते, आणि कुठलं व्यवस्थापन ती खुशीने देईल? पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेत बिघडलेल्या केसेसच्या तासाला किती मिनिटं मिळतात आणि फिती आणणाऱ्यांत साखळी रुग्णालयातले किती असतात, हे बघायला हवं.